येताना काय?

माझ्या चुलत्याला अग्नी देऊन आम्ही संगमावरून परत निघालो होतो. चुलतभाऊ ओल्या धोतरानं पुढं चालला होता आणि बाकीची मंडळी माना खाली घालून त्याच्या मागं होती. तेवढ्यात पाठीमागून फावड्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर ज्या गाडीतून सरपण आलं होतं ती नदीच्या पात्रात उभी, आणि आमचे शेजारी गणपतआण्णा ढाणे गाडीवानाकडून तीत वाळू भरून घेत होते.

"आवं आण्णा, हे काय?" मी विचारलं.

"गाडी मोकळीच चालली हुती," आण्णा म्हणाले. "जाताना लाकडं आली. येताना काय?"

चुलत्याला परत आणायची सोय नव्हती, म्हणून वाळू. त्या वाळूतून पुढं आण्णांच्या परसातली मोरी बांधली गेली, आणि आमची चुलती मरेपर्यंत त्या मोरीकडं पाहायला तयार नव्हती.

गणपतआण्णा कराडच्या पेठेत एका गुळाच्या आडतीवर गाड्यांचे मुकादम होते. मी त्याच आडतीवर काट्यापाशी बसायचो. आमच्या घरांची भिंत एक, त्यामुळं दिवसा आडतीवर आणि बाकीचा वेळ भिंतीपलीकडून, असा हा माणूस माझ्या नशिबी चोवीस तास होता. कुठली गाडी कुठल्या गावाला, जाताना काय माल, कुठल्या वाटेनं, हे ठरवायचं त्यांचं काम. दिवस लढाईचे. पेट्रोल मिळत नव्हतं. लॉऱ्या पाठीवर बंब घेऊन कोळशाच्या गॅसवर खोकत चालायच्या आणि चढ लागला की बसायच्या. त्यामुळं बैलगाडीला भाव आला आणि आण्णांना अक्कल आली, असं आमच्या शेठजींचं मत होतं. त्यातलं पहिलं खरं होतं.

रिकामी गाडी दिसली की आण्णांना राहवायचं नाही. दुसऱ्याची असली तरी. रस्त्यात अनोळखी गाडीवानाला थांबवून ते विचारायचे, "कुठनं आलास? आन् जाताना काय घेतलंस?" तो काही नाही म्हणाला, की स्वतःचंच काही चोरीला गेल्यासारखा चेहरा करून त्याला चार गावांची नावं सांगायचे, जिथं त्याला माल मिळाला असता. एकदोघांनी त्यांना चाबूक दाखवला होता. आण्णांना वाटलं, गडी ऐकतोय.

घरातही तोच कायदा. सोप्यातून आत जाणाऱ्यानं मोकळ्या हातानं जायचं नाही. तांब्या ने, पाट ने, काही नसलं तर केरसुणी ने. पाव्हणा उंबऱ्यात चपला काढतो न काढतो तोच आण्णा विचारायचे, "येताना काय?" पाव्हण्याला वाटायचं, मुलांसाठी खाऊ आणला का म्हणून विचारतायत. तो ओशाळायचा. आण्णांना मूलबाळ नव्हतं. त्यांना फक्त हिशेब हवा असायचा, की एवढा माणूस कोरेगावाहून आला तो नुसताच आला का.

त्यांची बायको, अनसावहिनी, हे सगळं हसून सोसायच्या. माझ्या बायकोला एकदा म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं माज्या डोक्यावर कायतरी असल्याबिगर मला चालू दिलं न्हाई बघा ह्यांनी." रोज सकाळी कामावर निघताना आण्णा दारातून आत हाक द्यायचे, "येताना काय?" आणि आतून उत्तर यायचं, "मीठ आणा," नाहीतर "काय नगं, लवकर या." भिंतीपलीकडं मला ते रोज ऐकू यायचं. मला त्याचाही राग यायचा, कारण माझी बायको लगेच माझ्याकडं पाहायची.

माझ्या मेव्हण्याच्या लग्नात गाड्या लावून द्यायला मी आण्णांना सांगितलं, ही माझी चूक. वऱ्हाड वेळेवर पोचलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण परत येताना नवरी ज्या गाडीत बसायची ती शेंगपेंडीनं भरलेली होती. वर सतरंजी अंथरून आण्णांनी नवरीला हात दिला. म्हणाले, "बस पोरी. उंच बसलीस म्हंजी गाव दिसंल." बिचारीच्या शालूला पेंडीचा वास महिनाभर राहिला. अजूनही सासुरवाडीला दिवाळीत ती मला ओवाळताना तोंड वाकडं करते, आणि मी निमूट पाटावर बसतो.

तरी ही सगळी घरगुती खोडी. खरी करामत पुढंच होती.

एका हंगामात आण्णांनी तीन गावची गुऱ्हाळं एका साखळीत ओवली. गाडीनं ऊस फडातून गुऱ्हाळावर न्यायचा, तिथून तयार गुळाच्या ढेपा पेठेत, पेठेतून मीठ आणि रॉकेल गावात, आणि गावातून पुन्हा फडावर. तिन्ही गावच्या रसाच्या काहिली चुलाणावर कधी चढवायच्या, कधी उतरवायच्या, ते आण्णा ठरवणार. गाडी दारात आणि ढेप साच्यातून बाहेर, एकाच वेळी. कुणी थांबायचं नाही, काही साठायचं नाही. शेठजी हे ऐकून इतके खूष झाले की त्यांनी आण्णांना स्वतःच्या हातानं विडा दिला.

मी म्हणालो, "आण्णा, आडतीवर एक गाडी मोकळी ठेवा. अडीनडीला लागंल."

आण्णा माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहत राहिले. "मोकळी गाडी उभी ठिवू? बैलांस्नी वैरण घालून? लेका, तू काट्यावरच बस."

आठवडाभर साखळी खरोखरच फिरली, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं. मग एका सकाळी कोयनेच्या पुलावर एका बैलाच्या खुराची पत्री निसटली आणि बैल लंगडत उभा राहिला. संपलं. त्याच्यामागं ऊस अडकला, उसामागं गूळ, गुळामागं मीठ. दुपारपर्यंत पुलापासून नाक्यापर्यंत गाड्यांची रांग लागली. एका गुऱ्हाळावर रस आंबून गेला, दुसऱ्यावर गुळव्याला ढेपा ठेवायला जागा नाही म्हणून त्यानं त्या देवळात रचल्या, आणि मारुतीला मुंग्या लागल्या. लंगडा बैल सोडून त्याच्या जागी दुसरा जुंपायला एक मोकळी गाडी पुरली असती. पण मोकळी गाडी कराडात कुठंच नव्हती, आण्णांच्या कृपेनं.

आम्ही पुलावर गेलो, तेव्हा आण्णा त्या बैलासमोर उभे होते. "समदं बसवलं हुतं रं," ते मला म्हणाले. "ह्यानंच घोळ केला." माणूस चुकतो हे त्यांना मान्य होतं, पण त्या माणसांत ते स्वतः नव्हते.

हंगाम सरता सरता अनसावहिनींच्या माहेराहून सांगावा आला. माहेर पाटणच्या वाटेवर, डोंगराच्या अंगाला, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाची वाट. आई आता जातीया, तोंड बघायचं असलं तर या. वहिनींनी लुगडं बदललं, गाठोडं बांधलं आणि आडतीच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. आवारात त्या वेळी दोन गाड्या जुंपायच्या तयारीत होत्या.

आण्णा म्हणाले, "उद्या मिठाची गाडी त्याच अंगाला चाललीया. आज एका माणसासाठी गाडी कशी सोडायची? सकाळी मिठावर बस, दुपारपतूर पोचशील."

वहिनी गाठोडं मांडीवर घेऊन दिवसभर तिथंच बसून राहिल्या. मला राहवेना. मी म्हणालो, "आण्णा, म्हातारी काय मिठासाठी थांबायची न्हाई."

"थांबंल," आण्णा म्हणाले. "दम हाय आजून तिच्यात." आणि मला समजावू लागले, की आज गाडी गेली तर तिथून कोळशाची पोती भरलेली नसणार, उद्या गेली तर असणार. मी उठून आलो. त्या क्षणी मला ह्या माणसाची किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी मिठाच्या पोत्यांवर बसून माहेरी पोचल्या, तेव्हा मंडळी नदीवरून अंघोळ करून परत येत होती.

दिवसकार्य आटोपल्यावर आण्णांनी वहिनींना आणायला दस्तगीरला पाठवला. दस्तगीर हा त्यांचा विश्वासाचा गाडीवान. गाडी कोळसा भरून परत आली, वहिनी आल्या नाहीत. दस्तगीरनं निरोप सांगितला. "वैनी म्हणाल्या, कोळशावर बसून मी येणार न्हाई. माज्यासाठी गाडी यील तवा यीन."

आण्णांना ते समजेना. "गाडी गेलीच हुती की. गेली हुती नव्हं रं?"

"गेली हुती, आण्णा."

"मग?"

पुढच्या खेपेला त्यांनी कोळशाऐवजी तांदूळ भरायला सांगितला. पोती मऊ, बसायला बरी. वहिनी आल्या नाहीत. मग अर्धी गाडी मोकळी ठेवली आणि उरलेल्या अर्ध्यात हिरडा. आडतीवर सांगत सुटले, "अर्धी गाडी दिली की तिला. आता आणिक काय पायजे?" वहिनींनी तोच निरोप पाठवला, आणि त्याच्या पुढच्या वेळी दारातही आल्या नाहीत. वहिनी आता नांदायला येत नाहीत, असं पेठेत सगळे बोलू लागले. एवढी साधी गोष्ट सगळ्या कराडला कळत होती, अंघोळीला जाताना केरसुणी सोबत नेणाऱ्या या शहाण्याला तेवढी कळत नव्हती.

घरी एकटे राहून आण्णांनी आपला कायदा आणखी कडक केला. विहिरीवर जाताना धुणं आणि येताना पाणी, असा नेम. पण धोतरं दोनच. मग धुतलेलंच धोतर पुन्हा धुवायला न्यायचे. माझी बायको म्हणाली, "खुळावलं हो माणूस." मी म्हणालो, "आत्ता कुठं?"

सकाळी निघताना मात्र ते दारात थांबायचे. सवयीनं आत हाक जायची, "येताना काय?" मग कडी लावल्याचा आवाज यायचा.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, गुऱ्हाळं पुन्हा पेटली. ऐन हंगामात, गाडीसाठी लोक आडतीच्या पायऱ्या झिजवत होते तेव्हाची गोष्ट. बाजारादिवशी पहाटे मी बाहेर आलो तर आण्णांच्या दारात दस्तगीर गाडी जुंपत होता. गाडीत गवत पसरलं होतं आणि त्यावर आण्णा गोधडी अंथरत होते. एक कोपरा दुमडला, तो पुन्हा सरळ केला. पोतं नाही, डबा नाही, काही नाही.

माझ्या तोंडात शब्द तयारच होते. "आण्णा, त्याच अंगाला माजी दोन मिठाची पोती जायची हाईत. टाकू का?"

"नगं," आण्णा म्हणाले. माझ्याकडं पाहिलंही नाही.

दस्तगीर जुवापाशी बसला आणि आण्णा गाडीच्या मागून चालत निघाले. गाडीत बसलेसुद्धा नाहीत. त्या दिवशी आडतीवर शेठजींनी त्यांच्या नावानं जे शब्द वापरले, ते मी इथं लिहीत नाही.

दिवेलागणीला गाडी परत आली. गोधडी तशीच अंथरलेली. वहिनी नव्हत्या. आण्णा सरळ घरात गेले आणि मी दस्तगीरला गाठलं.

"वैनी दारात आल्या," दस्तगीर सांगू लागला. "गाडीकडं बगितलं. मग जवळ आल्या, आन् गोधडी उचलून खाली हात घालून बगितलं, खाली काय पोतं-बितं हाय का म्हणून. समदं गवात चाचपलं. कायबी न्हाई म्हटल्यावर तिथंच चाकाला धरून रडायला लागल्या. आण्णा नुसतं हुबं. मग आत गेल्या आन् ताक आणलं आमास्नी. म्हणाल्या, आईचं वरीस हू द्या. मग अशीच गाडी आणा."

"आणि आण्णा?"

"आण्णांनी ताक प्यालं. येताना फाट्यावर कोळशेवाल्यांनी गाठलं. दुप्पट भाडं देतो म्हणत हुते. मी म्हटलं, आण्णा, वैनी तर आल्या न्हाईत, आता टाकू दोन पोती." दस्तगीर बैलांच्या मानेवरचं जू उतरवत होता, तो थांबला. "तर म्हणाले, तिच्यासाठी आणल्याली गाडी हाय. ती न्हाई बसली म्हणून काय झालं? तिचीच हाय."

म्हणजे ऐन हंगामात कराडची एक गाडी जाताना मोकळी गेली आणि येताना मोकळी आली, आणि ती आण्णांनी नेली होती. आडतीवर सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही, वाईट वाटलं.

मी त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "आण्णा, आमच्यात जेवायला चला."

ते आले. पिठलं-भाकरी होती. जेवण झाल्यावर त्यांनी आपलं ताट उचललं, माझंही उचललं, मधला तांब्या बगलेत धरला आणि मोरीकडं निघाले. माझ्या बायकोनं पुढं होऊन ते सगळं त्यांच्या हातातून काढून घेतलं. मग आण्णा मोकळ्या हातांनी आमच्या उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले, आणि तसेच आपल्या घरी गेले.