टँकरपासून निघालेला बाण

अनुजाने आकृतीत अकरा चौकटी काढल्या होत्या आणि त्या एकोणीस बाणांनी एकमेकींना जोडल्या होत्या. त्यातले अठरा बाण नीट चिकटले होते. एकोणिसाव्याचं टोक नुसतं टेकलं होतं, आणि हे तिला दूध संघाच्या सभागृहात, सात संचालकांसमोर कळायचं होतं.

आकृत्या काढायच्या त्या सॉफ्टवेअरची रीतच अशी. बाणाचं टोक चौकटीच्या कडेवरच्या निळ्या ठिपक्यावर बसवलं की ते तिथं चिकटतं. मग चौकट कुठेही सरकवा, बाण शेपटासारखा मागे येतो. टोक केसभर अलीकडे राहिलं तर दिसायला सगळं ठाकठीक, पण चौकट हलली की बाण आपला जागच्या जागी. शाहूपुरीतल्या कार्यालयात तिचे साहेब जयपाल यांनी हे दोनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा बजावलं ते वेगळंच: संघाच्या नव्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं तर कोल्हापूरचं हे कार्यालय राहील, नाहीतर महिनाअखेर सगळ्यांची रवानगी पुण्याला. पुण्यात जरा मोठ्याने बोललं की शेजारी दार लावून घेतात, असं अनुजाच्या मावशीचं म्हणणं होतं. आणि अनुजाला हळू बोलता येत नव्हतं.

"तर ही संघाच्या नव्या सॉफ्टवेअरची रचना," ती म्हणाली. "कडंनं आपली दूध गोळा करायची केंद्रं, मधी टँकर..."

"थांबा," नेसरी भागाचे संचालक कृष्णात म्हणाले. "नेसरी खाली का?"

"खाली-वर असं काय न्हाय त्यात."

"न्हाय कसं? जोतिबाची चौकट आमच्या डोस्क्यावर हाय की."

"जोतिबा डोंगरावर हाय, मग वर न्हाय तर कुठं असणार?" तिकडच्या संचालक बाळाबाई म्हणाल्या.

वाद नको म्हणून अनुजाने नेसरीची चौकट वर घेतली. तिचे बाण मागोमाग आले, पण जोतिबाच्या चौकटीवरून आडवे गेले. "आता ह्यांचं दूध आमच्या अंगणातनं नेणार व्हय?" बाळाबाईंनी विचारलं. मग जोतिबा डावीकडे गेलं, टँकर उजवीकडे आला आणि पडद्यावर सुताचा गुंता दिसू लागला. चेअरमन विजयसिंहांनाही आता राहवेना.

"पोरी, सगळ्यास्नी वर घेतलीस. मग आमची मुख्य डेअरी काय तळाला ठेवतीस?"

अनुजाने मुख्य डेअरी उचलून पार वरच्या टोकाला नेली. टँकरपासून डेअरीकडे दोन बाण होते, एक लिटरच्या नोंदींचा आणि एक फॅटच्या. लिटरचा बाण डेअरीमागे निमूट गेला. फॅटचा तिथंच राहिला, पांढऱ्या मोकळ्या जागेकडे टोक करून.

कृष्णातांनी खुर्ची पुढे ओढली. "ही दुसरी वाट कुठं चालली? टँकरपासनं निघतंय खरं. डेअरीत काय पोचत न्हाय."

"ते दूध न्हाय ओ, नुसती माहिती हाय," असं म्हणत अनुजाने ते टोक पकडलं. पण घाईत टोक वाटेतच सुटलं, आणि अनुजाबाईंना इथं नवी चौकट हवी आहे असं समजून सॉफ्टवेअरने ती काढूनही दिली. कोरी चौकट, आत नावासाठी लुकलुकणारी रेघ.

बाळाबाईंनी चष्मा लावला. "हे कुठलं केंद्र?"

"नाव घालायचं ऱ्हायलंय," अनुजाच्या तोंडून निघून गेलं.

दाराशी चेअरमनांचा भाचा सम्राट उभा होता. टँकरचा कारभार त्याच्याकडे. तीन आठवड्यांपूर्वी अनुजानेच चाचणीसाठी टँकरवर ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवलं होतं. ते अजून चालूच केलेलं नव्हतं, पण सम्राटला काय माहीत. त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला.

"मामा, दुधाच्या दोनच किटल्या असत्यात," तो म्हणाला. "त्या पण रोज न्हाईत."

"कसल्या किटल्या?"

"मामींनी सांगितल्यालं. म्हटल्या, संघ आपलाच हाय, घराम्होरं टँकर दोन मिनटं थांबला तर काय हुतंय."

चेअरमन पडद्याकडे वळले. "तरीच," ते म्हणाले. "दारातली म्हस आटून चार महिने झालं, आन घरात रोज बासुंदी. मला वाटलं, बरकत आली."

आधी कृष्णात हसले, मग सगळेच. अनुजाला मात्र हसू येईना. ज्यांनी सही करायची त्यांचंच घर तिने भर सभेत पडद्यावर आणलं होतं. आता पुणं काही चुकत नाही.

"तुमास्नी खरं सांगू का," ती म्हणाली, "तो बाण चुकून..."

"असल्या गोष्टी चुकूनच सापडत्यात," बाळाबाईंनी तिला थांबवलं. "आमी दोन वर्सं दुधाची गळती-गळती म्हणून बोंबलतोय. ह्या पोरीनं चहा यायच्या आत दावली. काम हिलाच द्यायचं. मी ठराव मांडते."

"माझं अनुमोदन," कृष्णात म्हणाले. नेसरी आणि जोतिबाचं एकमत झाल्याचं संघात कुणी पाहिलं नव्हतं.

"चौकट रिकामी ठेवू नगं," विजयसिंह म्हणाले. "लिव, चेअरमनचं घर." अनुजाने लिहिलं. त्यांनी ठरावावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि आवाज खाली आणला. "काम तुझं. पर एक अट हाय. हे चित्र घेऊन आजच आमच्या घरला जायचं. आमच्या मंडळीस्नी समजावून सांगायचं, कुठलं दूध कुठं गेलं पायजे ते."

"तुमी येणार न्हवं संगट?"

"मी फाटकापाशी थांबतो," चेअरमन म्हणाले.

सम्राट तोवर जिना उतरून पसार झाला होता. अनुजाने लॅपटॉप मिटला. पुणं तसं काही वाईट शहर नसावं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.