निळ्या पडद्याची मोहीम आणि देवरावांचे मानपत्र

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मास, शनिवार, इंग्रजी जानेवारीची अखेर, ते दिवशी कसबे दारव्हा, जिल्हे यवतमाळ येथे जे वर्तमान जाहले ते पुढीलांस कळावे म्हणोन लिहोन ठेविले. लिहिणार खुद्द नंदकिशोरपंत, माजी बडे बाबू, म्हणजे शाळेचे हेडक्लार्क, हल्ली सेवानिवृत्त. या बखरीचे नायक तेच आणि बखरकारही तेच. कारण की आपली फजिती आपण लिहिली तर चार पानांत आटोपते, शेजारी लिहू लागला तर वर्षभर पुरते. यात पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास मोठेपणापुरते घातले आहे.

प्रसंगाचे मूळ ऐसे. ज्या शाळेत पंतांनी उभा जन्म दप्तर राखिले, त्याच शाळेचे शिपाई देवराव एकतीस वर्षे चाकरी करोन त्या दिवशी निवृत्त होणार, दुपारी चार वाजता निरोपाचा दरबार भरणार, आणि दरबारात मानपत्र वाचणे प्राप्त. मुख्याध्यापिका विजयमालाबाई यांची आज्ञा जाहली की मानपत्र पंतांनीच लिहावे, भाषेचा असा दर्दी तालुक्यात दुसरा नाही. इतके ऐकताच पंत फुगले, आणि मग तेरा दिवस बैठक मारिली, संस्कृत कोश उशाशी घेतला, आणि तीन पानांचे मानपत्र सिद्ध करोन आपल्या जुन्या संगणकात ठेविले. नक्कल दुसरीकडे कोठेही नाही. पुण्याहून कन्या शाल्मली हिने तीनदा कळविले होते की बाबा, एक प्रत मला पाठवून ठेवा. त्यावर पंतांचे उत्तर गेले की हा संगणक माझ्या शब्दाबाहेर नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता पंत स्नान करोन, धुतला सदरा लेवोन, मानपत्र छापण्यास संगणकासमोर बैसले. कळ दाबिली. संगणकाने रिवाजाप्रमाणे खोकला काढिला, पंखा गरगरला, आणि ओळखीचा पडदा यावयाचा तो निळा पडदा आला. त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे, तारीख, वेळ, आणि पंतांस न समजणाऱ्या गोष्टींची यादी. पंतांनी मोठ्या कसोशीने बाहेर पडण्याची वाट शोधिली, तो संगणक आपणच पुन्हा सुरू होवोन त्याच निळ्या पडद्यावर येवोन उभा. ऐसे सातदा जाहले. आठव्या वेळी पंतांनी हात जोडिले. त्याचाही उपयोग न जाहला.

इतक्यात स्वयंपाकघरातून पत्नी रत्नप्रभाबाई यांची पृच्छा आली की एवढा वेळ काय चाललं आहे. पंतांनी जाहीर केले की काही नाही, अपडेट होऊन राहिला. हे धादांत खोटे होते.

पहिली चढाई विजेवर जाहली. पंतांचा कयास की गनीम भिंतीतल्या प्लगात दडला आहे. सबब स्टॅबिलायझर काढिला, झाडिला, पुन्हा लाविला, आणि मग वायर नेवोन मिक्सरच्या प्लगात खुपसली, त्यामुळे घरात चटणी अर्धीच राहिली आणि आघाडीवर निळा पडदा जसाचा तसा. दुसरी मसलत पुण्याशी. पंतांनी पडद्याचा फोटो धाडिला, त्यात मुख्यत्वे पंतांचा अंगठा आला. तरीही शाल्मलीने निदान केले की बाबा, कीबोर्डची एखादी की दबलेली असेल, कीबोर्ड काढून सुरू करून पाहा. हे उत्तर साडेनऊ वाजता आले, बरोबर होते, आणि पंतांनी ते तत्काळ फेटाळिले. दुखणे पोटात आणि औषध बोटांस, ऐसे कोठे असते काय, म्हणोन फोन ठेविला. एवढी अक्कल खर्च न केली असती तर ही बखर येथेच संपती.

तिसरी चढाई पंतांनी जातीनिशी केली. शाळेच्या संगणक कक्षात त्यांनी एकदा पाहिले होते की पेटी उघडोन आतली रॅमची पट्टी काढितात, खोडरबराने घासितात, आणि यंत्र सुधारते. पाहिले होते एवढेच. तेवढ्या भांडवलावर पंतांनी पेचकस घेतला आणि पेटीचे दार पाडिले. आतून धूळ आली, पालीच्या अंड्यांची टरफले आली, पंतांस अकरा शिंका आल्या, आणि रॅमची पट्टी हाती आली. ती घासिली. लखलखीत जाहली. मग परत बसवू गेले तो बसेना. इकडून दाबिली, तिकडून दाबिली, अखेर देवाचे नाव घेवोन कळ दाबिली, तो संगणक लांब लांब ओरडू लागला आणि पडदा काळा. म्हणजे सकाळी निळा तरी होता, आता तोही राहिला नाही.

घड्याळात सव्वाबारा जाहले होते. खरे सांगावयाचे तर पंत घाबरले. चार वाजता तमाम गुरुजन, आजी माजी विद्यार्थी आणि देवरावांचे कुटुंब यांपुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागणार, आणि एकतीस वर्षे राबलेल्या माणसास निरोपाचा एक शब्द मिळणार नाही, हा विचार येताच पंत पेचकस हाती घेवोन जमिनीवरच बैसले. रत्नप्रभाबाई दारात आल्या, पाहिले, आणि एकच वाक्य बोलिल्या की देवरावांना बोलावणं गेलं आहे, ते येऊनच राहिले.

पंत कडाडले की ज्याचे मानपत्र त्याच्याच हाती यंत्र देणे हा कोठला दस्तूर. बाईंनी विचारिले की शाळेत तीस संगणक होते, ते बिघडले की कोणाला बोलावत होते. उत्तर देवराव हेच होते, म्हणोन पंत पेचकस ठेवोन दाराची कडी काढावयास उठले.

देवराव सकाळच्या शाळेची शेवटली घंटा देवोन सायकलवर आले. अंगात नवा इस्त्रीचा सदरा. तो मळू नये म्हणोन बाह्या दुमडिल्या, पेटीत डोकावले, आणि पंतांस विचारिले की पट्टी कोणी काढली. पंत म्हणाले, आपोआप निघाली. देवरावांनी मान हलविली, पट्टी उलटी फिरविली, दोन्ही अंगठ्यांनी दाबिली, कट्ट आवाज जाहला, आणि निळा पडदा परत आला. त्या निळ्या पडद्यास पाहोन पंतांच्या डोळ्यांत पाणी आले, ज्यास सकाळपासून शिव्या घातल्या त्यासच.

मग देवरावांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि आंधळा वाचतो तसे सगळ्या कळांवरोन बोट फिरविले. एके ठिकाणी बोट थांबले. डिलीटची कळ खाली बसलेली, वर येईना, आणि सुरू होताना ती दबलेली असली की यंत्र सेटिंगच्या निळ्या पडद्यावरच अडते. देवरावांनी बाईंकडे सेफ्टी पिन मागितली, फटीत घातली, आणि कुंकवाने माखलेला, वाळून चिकटलेला तांदळाचा एक दाणा बाहेर काढोन टेबलावर ठेविला.

यावर रत्नप्रभाबाईंची साक्ष जाहली. पोथी संपली की जशी पूजा करितात, तशी पंतांनी काल सायंकाळी मानपत्र पूर्ण होताच संगणकाची यथासांग पूजा केली, हळदकुंकू वाहिले, आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता मुठीने टाकिल्या. देवराव हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. बाई हसल्या, आणि पदर तोंडास लावोन आत गेल्या तरी हसणे बाहेर ऐकू येत होते.

संगणक सुरळीत उघडला. पंतांस इतका आनंद जाहला की गुपिताचे भान सुटले, आणि फाइल देवरावांदेखतच उघडिली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आले की हे कर्मयोगिन्, हे सेवामार्तंड, हे विद्यामंदिराच्या प्रांगणातील निष्काम कल्पतरो. देवरावांनी तिन्ही पाने बोट ठेवोन, ओठ हलवीत वाचिली. मग खुर्ची मागे सारली आणि पायांकडे पाहत बोलिले.

"बडे बाबू, लय भारी लिवलं तुमी. पन आमची प्रभावती येऊन राह्यली ना चार वाजता. ते बाजूच्या बाईले इचारत बसन, हे कोनाच्याबद्दल बोलून राह्यले म्हून."

इतके बोलोन, पाणी पिवोन, सायकल घेवोन देवराव गेले. रागाने गेले नाहीत, त्यानेच पंतांस अधिक लागले. पंतांनी तीन पाने पुन्हा वाचिली आणि त्यांत देवराव धुंडाळिले. नाव एके ठिकाणी सापडले. ते काढोन दुसऱ्या कोणाचे घातले असते तरी मजकुरास काही इजा नव्हती. बारा वर्षांमागे एका निवृत्त गुरुजींस दिलेल्या मानपत्रातला कल्पतरूही हाच होता. पंतांस आपली लाज वाटली, हे येथे साफ लिहोन ठेवितो.

मग जी कळ सकाळपासून दबोन होती तीच पंतांनी स्वहस्ते दाबिली आणि तीन पानांचा फडशा पाडिला. आणि बाईंना हाक मारिली की या, देवरावांचे आपल्याला काय काय माहीत आहे ते सांगा. बाई हात पुसत येवोन बैसल्या. म्हणाल्या की शाल्मली आठवीत असताना चक्कर येऊन पडली, तेव्हा सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी कोणी आणली, आणि ती दोन घास जेवेपर्यंत ओट्यावर कोण बसून राहिलं. पंत लिहीत गेले. पावसाळ्यात गळक्या वर्गाखाली बादल्या कोण लावी. परीक्षेत पेन विसरलेल्या पोरांसाठी खिशात चार पेन कोण ठेवी. साडेतीन वाजता अकरा ओळींचा कागद छापोन निघाला, शाई ओलीच होती.

चार वाजता शाळेच्या सभागृहात दरबार भरला. विजयमालाबाई अध्यक्षस्थानी, देवराव हार घालोन संकोचोन बैसलेले, आणि बायांच्या पहिल्या ओळीत त्यांची पत्नी प्रभावती. पंत उभे राहिले आणि वाचू लागले. पेनांची ओळ वाचिली तेव्हा मागे कोणी तरी म्हणाले की माह्याजवळ हाये तो पेन. मग पंत अखेरच्या ओळीवर आले, की एकतीस वर्षांत शाळेची घंटा एक दिवसही उशिरा झाली नाही.

तोच पहिल्या ओळीतून प्रभावती उठोन उभ्या राहिल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "एक डाव झालती. आमची वैष्णवी झाली त्या दिवशी. पंधरा मिंटं."

देवरावांनी मान खाली घातली, आणि हारामागे त्यांचे खांदे हसण्याने हलू लागले. पंतांनी खिशातले पेन काढिले, मेजावर कागद ठेवोन ओळ खोडिली, आणि दुरुस्त मजकूर मोठ्याने वाचिला की एकतीस वर्षांत घंटा एकदाच पंधरा मिनिटे उशिरा झाली, कन्या झाली सबब. प्रभावतींनी मान डोलविली, शेजारच्या बाईस काही न विचारिता खाली बैसल्या. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि मानपत्र खाडाखोडीसह देवरावांच्या हवाली केले, हा मजकूर खरा म्हणोन दस्तुरखुद्द नंदकिशोर.