बेचाळीस निर्धूर प्रवासी

शहरातला धूर कमी करण्याचा ठराव नगरपालिकेने एकमताने मंजूर केला आणि त्याची अंमलबजावणी म्हणून पहिल्याच सोमवारी नऊ नंबरची बस बंद होणार असल्याची नोटीस थांब्यावर चिकटवली. नोटीस अगदी सरळ लावली होती, चारी कोपऱ्यांना गोंद. काम मन लावून केलंय, याबद्दल कुणालाही शंका घेता आली नसती.

ती सगळ्यांत आधी वाचली कात्रीमावशींनी. मावशी कपडे शिवायच्या, जुने उसवून नव्यासारखे करायच्या, म्हणून आपल्याला कात्री म्हणतात असं त्या स्वतः सांगत. गल्लीचं म्हणणं जरा वेगळं होतं, पण ते मावशींच्या देखत कुणी बोलत नसे. त्यांनी चष्मा पुसून नोटीस दोनदा वाचली. ‘शाश्वत नागरी गतिशीलता आराखड्याच्या अनुषंगाने सदर मार्ग अनुत्पादक आढळल्याने’ इथपर्यंत काही डोक्यात शिरलं नाही. ‘एक तारखेपासून बंद’ हे मात्र लगेच शिरलं.

मावशींचं सगळं त्या बसवर अडलेलं. नदीपलीकडे त्यांची आक्का एकटी राहायची. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले, जीभ शाबूत. मावशी रोज साडेअकराच्या बसने तिचा डबा घेऊन जात, समोर बसून तिला जेवू घालत आणि दीडच्या बसने परत येत. आक्काच्या मुलाने, म्हणजे मावशींच्या भाच्याने, सांगून ठेवलं होतं, “मावशी, तुझा डबा वेळेवर जातोय तोवर आई तिकडे. एकदा का तो चुकायला लागला, की मी तिला इकडे आणणार.” इकडे म्हणजे लांबच्या शहरात, अकराव्या मजल्यावर. आक्काला आपलं अंगण सोडायचं नव्हतं. “अकराव्या मजल्यावर बसून मी काय ढगांना नावं ठेवू?” असं ती विचारायची.

दुसऱ्या दिवशी मावशी नगरपालिकेत हजर. शाश्वत वाहतूक कक्ष तिसऱ्या मजल्यावर होता. खाली सायकली लावण्यासाठी नवी कोरी शेड बांधली होती आणि तिच्यात कक्षाच्या तीन मोटारी उभ्या होत्या, कारण सावली काय ती तिथेच होती.

वर कक्षप्रमुख बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक सल्लागार. हा सल्लागार नगरपालिकांना मदत करणाऱ्या एका मोठ्या संस्थेने पाठवलेला. दर पंधरवड्याला तो विमानाने यायचा, धूर कमी कसा करावा ते समजावायचा आणि विमानाने परत जायचा. माणूस स्वभावाने गोड. कुणी काहीही म्हटलं, की “फार महत्त्वाचा मुद्दा आहे” म्हणायचा आणि वहीत उतरवून घ्यायचा.

“साहेब, आमची बस का बंद करताय?” मावशींनी खुर्ची ओढत विचारलं.

“बंद नाही हो आजी,” कक्षप्रमुख म्हणाले, “मार्गाचं सुसूत्रीकरण आहे ते.”

“मावशी म्हणा. आजी मी माझ्या नातवंडांची. सुसूत्रीकरण झालं की बस येणार का?”

“नाही.”

“मग बंदच की.”

सल्लागाराने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “मावशी, हे बघा. नऊ नंबरचे रोजचे प्रवासी बेचाळीस. बस सुरू व्हायच्या आधी तुम्ही कशाने जात होता?”

“पायी.”

“आणि बाकीचे?”

“तेही पायी. आमच्या मास्तरांकडे सायकल होती, ती चोरीला गेली.”

“तीच तर अडचण आहे,” सल्लागार मनापासून हळहळला. “या बसमुळे रस्त्यावरची एकही गाडी कमी झालेली नाही. प्रवासी बेचाळीस, कार्बनची बचत शून्य. आणि निधी मिळतो तो बचतीवर.”

“म्हणजे आम्ही धूर सोडत नाही, ही आमची चूक?”

“चूक नाही. त्रुटी,” कक्षप्रमुखांनी दुरुस्ती केली. “आता टेकडीवरची वसाहत घ्या. तिथे घरटी तीन गाड्या आहेत. काय सुंदर बेसलाइन आहे! म्हणून नवी बस तिकडे जाणार.”

“ते लोक बसतील होय बसमध्ये?”

“तो पुढचा टप्पा.”

“आणि ही बेसलाइन म्हणजे काय रे बाबा?” मावशींनी सल्लागाराला विचारलं.

“म्हणजे सुरुवातीला तुम्ही किती वाईट आहात ते. जितके वाईट, तितका सुधारणेला वाव.”

मावशींनी पदर खोचला. त्यांनी पदर खोचला की गल्लीत लोक खिडक्या लावून घेत, पण हे त्या दोघांना माहीत नव्हतं.

“आणि आम्ही वाईट झालो तर?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “असं काही आम्ही अधिकृतपणे सुचवू शकत नाही,” सल्लागार म्हणाला. मग त्याने आवाज उतरवला. “पण फेरमोजणी पुढच्या महिन्यात आहे.” तो बिचारा खरोखरच मदत करायला आला होता.

संध्याकाळी मावशींच्या शिवणाच्या खोलीत नऊ नंबरचे प्रवासी जमले. जागा नव्हती म्हणून सुतार कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसला.

“आपण फार चांगले आहोत,” मावशींनी सुरुवात केली, “म्हणून आपली बस जाणार आहे. महिन्याभरात आपल्याला बिघडायचंय. ज्याला जमेल तिथून गाडी आणा.”

“तत्त्वतः हे मला मान्य नाही,” निवृत्त मास्तर म्हणाले.

“मग तत्त्वावर बसून नदीपलीकडच्या दवाखान्यात जा.”

मास्तरांनी मेव्हण्याची गाडी आणली. सुतारानं जुनी विकत घेतली, किराणावाल्याने दुकानाची व्हॅन काढली, कंपाउंडरने डॉक्टरांची पडून असलेली मिळवली. मावशींच्या जावयाने आपली जुनी मोटार दिली. ती चालवायला मावशींचे यजमान होतेच. त्यांच्याकडे तीस वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं, पण आजवर ते त्याचा वापर फक्त ओळखपत्र म्हणून करत आले होते.

मोजणीचा आठवडा सुरू झाला. चौकात एक मुलगी हातात मोजायचं यंत्र घेऊन उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी तिने नियम समजावला. एका गाडीत दोघं दिसले, तर तो सहप्रवास. सहप्रवास म्हणजे चांगलं वागणं. चांगल्या वागण्याचे गुण कापले जातात. त्यामुळे चौक आला की मावशी मागच्या सीटवर डबा पोटाशी धरून आडव्या होत आणि यजमान अंगावर चादर टाकत.

“काका, एकटेच ना?” मुलगी विचारायची.

“एकटाच,” यजमान म्हणायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. हे वाक्य मोठ्याने म्हणायची संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती, आणि ते ती दिवसातून दोनदा घेत.

निकाल लागला. सल्लागाराने विमानतळावरूनच फोन केला. “मावशी, कमाल केलीत! तुमची गल्ली आता टेकडीपेक्षाही वाईट आहे.” मावशींना भरून आलं. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेने हिरवी पाटी लावली, ‘सुधारणेस सर्वाधिक वाव असलेला परिसर’, आणि पाटीसोबत सगळे फोटो काढून गेले.

बस मात्र लगेच येणार नव्हती. जुनी गेली होती आणि नवीच्या आधी आराखडा होता. आराखड्याच्या आधी कार्यशाळा होती. तिथे नागरिकांनी रंगीत चिठ्ठ्यांवर आपली स्वप्नं लिहून फळ्यावर चिकटवायची होती. मावशींनी चिठ्ठीवर ‘बस’ लिहिलं. सल्लागार म्हणाला, “फार महत्त्वाचा मुद्दा आहे,” आणि ती चिठ्ठी ‘इतर’ या रकान्यात लावली. मग बोधचिन्ह ठरलं, चाकाला फुटलेलं पान. पान डावीकडे वळावं की उजवीकडे, यात सहा आठवडे गेले. एवढा सगळा वेळ कक्षातून एकच निरोप येत राहिला, की बेसलाइन टिकवून ठेवा, अचानक तपासणी होऊ शकते.

गल्लीने बेसलाइन प्रामाणिकपणे टिकवली. अकरा महिन्यांत माणसं बदलली. किराणावाला समोरच्या न्हाव्याकडे दाढी करायला व्हॅन घेऊन जाऊ लागला आणि जागा मिळेना म्हणून दाढी न करताच परत येऊ लागला. सुतारानं गाडीत सुगंधी बाटली टांगली. मास्तरांचं चालणं सुटल्यामुळे गुडघे दुखू लागले आणि गुडघे दुखतात म्हणून त्यांना गाडी सोडवेना. गाड्या लावायला जागा कमी पडली, तेव्हा नगरपालिकेने पदपथ काढून टाकला. तसंही त्यावरून कुणी चालत नव्हतं.

बसने वीस मिनिटांत होणारी नदीपलीकडची वाट आता सव्वा तासाची झाली. आक्काने पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

“पूर्वी डबा गरम यायचा आणि तू घामाघूम. आता डबा गार आणि तूही गारेगार. त्या गाडीत काय बर्फ ठेवता का?”

“बस येणार आहे गं आक्का.”

“बसच्या आधी माझा पोरगा येईल बघ.”

आणि भाच्याचा फोन आलाच. “मावशी, बाराला जेवणारी आई आता एकला जेवते म्हणे. गोळ्यांच्या वेळा चुकतात. महिनाअखेर मी न्यायला येतोय.”

महिनाअखेरीला आठ दिवस असताना नवी बस आली. विजेवर चालणारी, पायरी इतकी खाली की मावशींना वाकून पाहावं लागलं, पायरी आहे की नाही. उद्घाटनाला पाहुणे इतक्या गाड्यांनी आले, की गाड्यांना जागा करून देण्यासाठी बस नदीकाठी नेऊन उभी केली; फीत तिच्यावाचूनच कापली. कक्षप्रमुखांनी एकच अट वाचून दाखवली. साडेअकराच्या पहिल्याच फेरीला किमान दहा प्रवासी हवेत, म्हणजे माणसांनी खरोखर गाड्या सोडल्या हे सिद्ध होईल. दहा भरले नाहीत, तर बस टेकडीवर.

“दहाच?” मावशी हसल्या. “बेचाळीस आहोत आम्ही.”

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला मावशी डबा घेऊन बसमध्ये चढल्या. “कुठेही बसा, मावशी,” चालक म्हणाला. बस रिकामी होती. काचेतून त्यांनी बाहेर पाहिलं. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्या ओळखीच्या. त्यांचे यजमानही मागे गाडीत बसलेले.

“अहो, तुम्ही तिथे काय करताय?”

“मी मागोमाग येतो. येताना गाडी लागली तर?”

मावशी खाली उतरल्या, यजमानांची किल्ली काढून घेतली आणि त्यांना हाताला धरून बसमध्ये नेऊन बसवलं. मोजणीवाली मुलगी कागद घेऊन उभीच होती. त्यावर रकाना होता, ‘बसमध्ये न बसण्याचे कारण’. दोघी गाड्यांच्या रांगेतून निघाल्या.

“माझी अवजारं असतात,” सुतार म्हणाला.

“कुठायत?”

“आज घरी आहेत. पण लागली तर?”

“तत्त्वतः मी पूर्णपणे बसच्या बाजूने आहे,” मास्तर म्हणाले आणि बसूनच राहिले.

“मी येणारच,” किराणावाला म्हणाला. “जरा गर्दी कमी होऊ दे.”

“अरे, बस रिकामी आहे!”

“मी रस्त्याचं म्हणतोय.”

कंपाउंडरचं म्हणणं सर्वांत सुसंगत होतं. बाकीचे एकेचाळीस जण बसने गेले, की रस्ता मोकळा होईल आणि त्याला गाडीने पटकन पोचता येईल. म्हणून तो त्यांचीच वाट पाहत होता.

मावशींनी आजवर कुणाला विनवलं नव्हतं. त्यांना ते नीट जमलंही नाही. “आक्काला नेतील रे अकराव्या मजल्यावर,” त्या म्हणाल्या, आणि विनवावं लागलं म्हणून स्वतःवरच चिडून त्यांनी सुताराच्या गाडीचं दार उघडलं. “उतर. तुझ्या मुलीचा लग्नातला झगा मी एका दिवसात उसवून शिवला होता. उतर म्हणते ना!” सुतार उतरला. मास्तरांना गुडघ्यांसकट उतरवलं. किराणावाला लाजून आला, कंपाउंडर तत्त्वज्ञान अर्धवट टाकून आला. आणखी तिघांकडे त्यांनी नुसतं पाहिलं, तेवढ्यावर ते आले. मुलीने बसमध्ये चढून डोकी मोजली, मग पुन्हा मोजली.

“नऊ, मावशी. एक कमी आहे. आणि साडेअकरा होऊन गेलेत.”

बाकीच्यांनी एव्हाना गाड्या मागे घेऊन दुसऱ्या रस्त्याला लावल्या होत्या. बसच्या मागे माणसासकट एकच गाडी उरली होती, आणि ती हॉर्न वाजवत होती. मावशी डबा घेऊन तिच्याकडे चालत गेल्या आणि काचेवर बोटाने टकटक केलं. काच खाली आली.

आत तुम्ही होता. एकटेच.

मावशींनी सगळं सांगितलं. आक्काचं, गोळ्यांचं, दहाव्या माणसाचं. तुम्ही मान हलवत नीट ऐकलंत, वाईटही वाटलं तुम्हाला. तुम्हाला जायचं होतं तेही नदीपलीकडेच. मुलीने पेन उघडलं.

“कारण काय लिहू?”

“आज जरा घाई आहे हो,” तुम्ही म्हणालात. “उद्यापासून नक्की. पण उपक्रम फार स्तुत्य आहे, असं आवर्जून लिहा.”

मुलीने ते शब्दशः उतरवून घेतलं. मावशींनी डबा या हातातून त्या हातात घेतला. आणि गाडीतली गार हवा बाहेर जात होती, म्हणून तुम्ही काच वर केलीत.