तांबेकरांचं पाणनेचं

आमच्या शेजारच्या तांबेकरांच्या घरी घंगाळ होतं, पण अंघोळीसाठी नव्हे. त्यात चार पाकळ्यांच्या पानांचं पाणनेचं, म्हणजे पाण्यातलं फर्न, वाढत असे आणि तांबेकर बादलीनं अंघोळ उरकत. पिंपरीला औषधांचा कारखाना नवानवा होता. तिथल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं कामाला. पत्नी कोकणात माहेरी असते असं ते सांगत, त्यामुळे घंगाळावरून भांडायला घरात कुणी नव्हतं.

त्यांचा पेच खरा होता. सांगवीच्या डबक्यातलं नेचं लांब देठांचं, पानं गुळगुळीत, पाण्यावर तरंगणारी. मोशीच्या ओढ्याकाठचं बुटकं, ताठ, पानांवर लव. जात एक की दोन? कुणी मत दिलं की म्हणत, "नुसत्या पानावर जाऊ नका हो. पान थापा मारतं." नव्या साहेबाबद्दल बोलणं निघालं तरी हेच.

मोशीला एकदा मीही गेलो. तांबेकर धोतर खोचून चिखलात भिंग लावून बसलेले. एका शेतकऱ्यानं काय हरवलं म्हणून विचारलं. सांगितल्यावर म्हणाला, "त्ये व्हय? म्हसबी तोंड लावत न्हाई त्याला." तांबेकरांनी म्हशीच्या मताची आणखी बरीच चौकशी केली.

शेवटी त्यांनी दोन्हीकडची रोपं घंगाळात शेजारी लावली आणि पाणी आटू दिलं. सांगवीकराची नवी पानं बुटकी आली, लवही आली. मग दोन्हींच्या देठांच्या बुडाशी बीजाणूंची टणक, बारीक बोंडं धरली. भिंगाखाली अगदी सारखी. जात एकच. तांबेकरांनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. मुलगा झाला समजून काहींनी अभिनंदनही केलं.

पुढच्या रविवारी ते पुन्हा पिशवी घेऊन सायकलवर सांगवीला निघाले. आता काय शोधायचं राहिलं, या कुतूहलानं ते नको म्हणत असतानाही मीही सायकल काढली. डबकं आलं आणि मागे पडलं. नदी ओलांडून औंधच्या बाजूला, क्षयाच्या इस्पितळाच्या फाटकाशी ते उतरले.

"ही इथं असते," ते म्हणाले. "वसाहतीत कळलं तर कुणी दारात उभं करणार नाही, म्हणून कोकण सांगितलं."

वहिनी व्हरांड्यात बसल्या होत्या. शेजारी बरणीत नेचं. पडून राहणाऱ्या माणसाला रोज बघायला काहीतरी हवं, म्हणून तांबेकरांनी येता येता डबक्यातून उचललेलं ते पहिलं रोप. पुढचं सगळं संशोधन त्यातून निघालेलं. जात एकच ठरल्याचं ऐकून वहिनी म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं."

तेवढ्यात डॉक्टर आले. थुंकीत आता जंतू सापडत नाहीत, येत्या आठवड्यात घरी न्या, म्हणाले. तांबेकर चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

परतताना त्यांनी नेच्याचं नाव काढलं नाही. घर जवळ आल्यावर विचारलं, "आमच्या हिच्याशी तुमच्या घरच्या बोलतील ना?"

बोलतील, असं मी म्हणालो खरा.

वहिनी आल्या त्या दुपारी आमची ही त्यांच्याकडे गेली, ती दिवेलागण झाली तरी परतली नाही. मी बोलवायला गेलो. दोघी खिडकीशी बसल्या होत्या. ही त्यांच्या घरच्या कपातला चहा बशीत ओतून पीत होती आणि आत तांबेकर दुसऱ्यांदा आधण ठेवत होते.