म्हादबा साळिंदराचे अस्सल धुलाईयंत्र

एका जंगलात सगळे प्राणी कपडे घालत असत. हसू नका मुलांनो, तुम्हीही घालता.

झाले असे, की त्या जंगलाचा सिंह तरुणपणी चार महिने सर्कशीत होता. परत आला तो जरीचा कोट घालून. राजाचा कोट पाहून प्रधानाने सदरा शिवला. प्रधानाचा सदरा पाहून हरणांनी झबली शिवली. बघता बघता रानडुकरेसुद्धा धोतर नेसू लागली. चिखलात लोळणे मात्र त्यांनी सोडले नाही. धोतर नेसूनच लोळत.

आता एवढे कपडे म्हटल्यावर ते कुणीतरी धुवायला हवेत. ते काम गिरजाबाई साळिंदरीण करी. साळिंदर तुम्हाला माहीत आहे ना? अंगभर लांब काटे असतात ते. गिरजाबाई रोज सकाळी गाठोडे घेऊन नदीवर जाई, दगडावर कपडे आपटी, आणि उन्हे कलली की ओली गाठोडी घेऊन परत येई. वीस वर्षे हेच चालले होते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या पंजांना भेगा पडल्या आणि बोटे सुजली. भाकरी थापायला घेतली की तिच्या डोळ्यांत पाणी येई. वैद्य म्हणून एक म्हातारा वानर होता, त्याने पंजे उलटेसुलटे करून पाहिले.

"बाई, आणखी एक थंडी गार पाण्यात हात घातलेत, तर ही बोटं कायमची वाकडी होतील," तो म्हणाला. "मग माझ्याकडे येऊ नका."

गिरजाबाई घरी येऊन नवऱ्याला काहीच म्हणाली नाही. नुसती त्याच्यासमोर बसून पंजांना करंजाचे तेल चोळत राहिली. नवऱ्यांना अशा वेळी काहीतरी करावेच लागते.

तिचा नवरा म्हणजे म्हादबा. जंगलाच्या कडेला माणसे आपले मोडके सामान आणून टाकत, आणि म्हादबाचा दिवस त्या ढिगाऱ्यात जाई. एखादा स्क्रू दिसला की त्याचे डोळे लकाकत. हत्यारांची त्याला कधी ददात नव्हती. नळी साफ करायची असो की पिन बसवायची असो, पाठीवरचा एक काटा उपटला की काम झाले. त्याने दुरुस्त केलेले घड्याळ प्रधानाच्या घरी होते, पंप हत्तीच्या डबक्यावर होता. तरी सगळे त्याला भंगारबुवा म्हणत, तेही तोंडावर. म्हादबा हसून सोडून देई. पण मुलांनो, त्याला ते फार लागत असे.

जंगलात एक पडका डाकबंगला होता. कधीकाळी तिथे एक साहेब राहून गेला होता. साहेब गेला, मात्र त्याचे कपडे धुण्याचे यंत्र तिथेच राहिले. तीन पायांवर उभा असलेला गोल पांढरा टब, आत ताक घुसळायच्या रवीसारखा एक पंखा, आणि वर कपडे पिळायचे दोन रूळ. म्हणजे असे सगळे एके काळी होते. आता टब गंजला होता, रुळांचे रबर उंदरांनी खाल्ले होते आणि पट्टा तर हात लावताच भुगा होऊन खाली पडला.

म्हादबाने यंत्र घरी ओढत आणले आणि दोन महिने तो त्याच्या पोटात डोके घालून बसला. पिठाच्या गिरणीचा टाकलेला पट्टा त्याने बेताने कापून बसवला. पंख्याला पत्र्याची नवी पाती ठोकली, आणि पाणी गळायचे तिथे कुकरची रिंग घातली. रुळांच्या जागी पोळ्यांची दोन लाटणी घेतली आणि त्यांवर सायकलची ट्यूब ताणून चढवली. त्याच सायकलची सीट, चेन आणि पेडलही जोडली. बसायचे आणि पेडल मारायचे, की आतला पंखा फिरू लागे. शेवटी त्याने टबाला पोपटी रंग दिला, कारण ढिगाऱ्यात पोपटीच रंगाचा डबा मिळाला होता.

पहिल्या दिवशी त्यात रानडुकराचे धोतर घातले. म्हादबा सीटवर बसला. यंत्र घुडुक-घुडुक करू लागले. थोड्या वेळाने गिरजाबाईने धोतर लाटण्यांमधून पिळून काढले, उन्हात धरले आणि नीट निरखून पाहिले.

"पांढरं होतं की हे," ती म्हणाली. "मला आजवर ठाऊकच नव्हतं."

एवढेच म्हणून ती आत गेली. पण त्या दिवशी तिने गूळ घालून खीर केली, आणि म्हादबाला वाटले की आता आपल्याला काही नको.

असे वाटते तेव्हा माणसाने घराचे दार लावून घ्यावे. साळिंदरानेही घ्यावे. म्हादबाने काय केले, तर यंत्र उचलून अंगणात ठेवले. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावे म्हणून.

चौथ्या दिवशी पुरातन वस्तू संवर्धन मंडळ दारात हजर झाले. मंडळात दोघे होते. अध्यक्ष नानासाहेब धनेश. धनेश म्हणजे तो भल्या मोठ्या चोचीचा पक्षी, ज्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवलेली असते. आणि चिटणीस अण्णा कासव, वय वर्षे एकशे चाळीस. दोघांच्या अंगावर कपडा म्हणून नव्हता. एकाला पिसे होती, दुसऱ्याला टणक पाठ होती. धुण्याचा प्रश्न त्यांना जन्मात पडला नव्हता, म्हणून ते धुलाईयंत्राकडे अगदी निःपक्षपातीपणे पाहू शकत होते.

"म्हादबाराव," नानासाहेब म्हणाले.

म्हादबाला आजवर कुणी राव म्हटले नव्हते. त्याने मागे वळून पाहिले, की आणखी कुणी म्हादबा आला आहे काय.

"म्हादबाराव, हे रत्न आहे. असं यंत्र सगळ्या पंचक्रोशीत दोनच. याला अस्सलतेची पाटी मिळायला हवी. तांब्याची, कोरीव. तुमच्या नावासकट."

"ह्यात मूळचं काय काय उरलंय?" अण्णा कासवाने मान बाहेर काढून विचारले.

"टब मूळचा आहे. आणि पाय," म्हादबा म्हणाला. "बाकी जमेल तसं जमवलं."

"ही लाटणी आहेत का?"

"होय. पण पिळतात झकास."

मंडळाने एकमेकांकडे पाहिले. घरात सुतक असल्यासारख्या दोघांच्या माना खाली गेल्या. लाटण्यांबद्दल कधी कुणी इतके वाईट वाटून घेतले नसेल.

"पाटी हवी असेल तर हे सगळं निघायला हवं," नानासाहेब हळुवारपणे म्हणाले. "मूळ यंत्राला मूळचेच भाग. नाहीतर, राग मानू नका, ते भंगारच."

हा शब्द बरोबर जागी लागला. त्याच संध्याकाळी म्हादबा पाना घेऊन बसला.

"अहो, चालतंय ना ते? मग कशाला उघडताय?" गिरजाबाईने विचारले.

"अगं, चार दिवसांचा प्रश्न आहे. पाटी मिळाली की लगेच पुन्हा धुवायला घेऊ."

"आणि तोवर?"

म्हादबाने पान्याने पहिला नट सैल केला. गिरजाबाईने गाठोडे उचलले आणि ती नदीवर गेली.

आता मूळचे भाग आणायचे कुठून? अण्णा कासवाला आठवले, की तसले दुसरे यंत्र नदीपलीकडे ठकूबाई अस्वलिणीकडे आहे. ते तिच्या आजीपासून रोज चालू होते. मंडळाने तिच्याकडे जाऊन तिच्या यंत्राचा पट्टा, रूळ आणि पंखा काढून घेतला, आणि बदल्यात तिला आभाराचे पत्र दिले. ठकूबाईच्या घरी सहा पिल्लांच्या सहा गोधड्या होत्या. आभाराच्या पत्राने गोधडी धुता येत नाही, हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. तीही घाटावर आली आणि गिरजाबाईच्या शेजारच्या दगडावर गोधडी आपटू लागली.

अशा रीतीने, मुलांनो, दोन चालू यंत्रांपासून एक अस्सल यंत्र तयार होऊ लागले.

पट्टा बसवताना मधोमध चिरला. म्हादबा म्हणाला, "हा एक फेराही टिकणार नाही."

"टिकवायचा कशाला?" नानासाहेब म्हणाले. "तो मूळचा आहे."

मग पोपटी रंग खरवडायचा ठरला. त्याखाली म्हादबाने घासून लख्ख केलेला पत्रा निघाला. तेव्हा अण्णा कासवाने आठवण काढली, की डाकबंगल्यात त्यावर फार सुंदर गंज होता. म्हादबा आठ दिवस टबाला मिठाचे पाणी लावत बसला. वीस वर्षे तो गंज काढत आला होता. चढवायचा कसा, हे त्याला नव्याने शिकावे लागले. त्याला मनातून कसेतरी वाटे. पण रस्त्याने जाणारे आता "काय म्हादबाराव" म्हणत, आणि ते ऐकले की कसेतरी वाटणे थोडे कमी होई.

काढलेले भाग त्याने एका पोत्यात भरून घरामागे टाकले. पोते दोन दिवसांत तिथून गेले. म्हादबाच्या ते लक्षातही आले नाही.

अनावरणाला महाराज स्वतः आले, जरीचा कोट घालून. लाल मखमलीचे झाकण बाजूला झाले. गंजलेला टब, चिरलेला पट्टा, आणि वर तांब्याची पाटी: 'अस्सल. संवर्धक: म्हादबाराव साळिंदर.' टाळ्या झाल्या. म्हादबाचे काटे आनंदाने उभे राहिले, आणि शेजारचे चार पाहुणे दूर सरकले.

"हे चालतं का?" सिंहाने विचारले. राजे लोक कधी कधी असे साधे प्रश्न विचारतात.

"चालत नाही, महाराज," नानासाहेब अभिमानाने म्हणाले. "अस्सल आहे."

"पाणी घालून पाहिलं का?"

"पाणी?" नानासाहेबांची चोच उघडीच राहिली. "महाराज, धुलाईयंत्राला पाणी कधीही लागता कामा नये. तो पहिला नियम आहे."

सिंहाने मान डोलावली. सर्कशीत त्याने याहून विचित्र नियम पाहिले होते.

जाताना नानासाहेबांनी मखमलीची घडी म्हादबाच्या हातात दिली. "हे झाकण दर आठवड्याला धुवायचं बरं का. फार नाजूक आहे. हातानेच, गार पाण्यात. वहिनींना सांगा. त्यांना सवय आहेच."

म्हादबाने घडी घेतली. वर पाटी चकाकत होती. तिच्यावरचे आपले नाव त्याने पुन्हा वाचायला घेतले, पण त्याला ते पुरते वाचवेना. डोळ्यांसमोर भेगाळलेले पंजे येत होते. पाहुणे पांगले होते आणि हवेत थंडी दाटत होती. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की काटे आपोआप मिटले.

मखमल स्वतःच धुवायची असे ठरवून तो नदीकडे निघाला. घाट जवळ आला तसा त्याला एक आवाज ऐकू आला. घुडुक-घुडुक.

घाटावर तेलाचे एक जुने पिंप आडवे बसवले होते. त्याला गिरणीचा पट्टा होता, कुकरची रिंग होती, सायकलची चेन होती. सीटवर ठकूबाई बसून पेडल मारत होती, आणि गिरजाबाई दोन लाटण्यांमधून गोधडी पिळून काढत होती. तिच्या पंजांवरची सूज उतरली होती. ती केव्हा उतरली, हेही म्हादबाने पाहिले नव्हते.

"हे कुणी केलं?" त्याने विचारले.

"आम्ही," गिरजाबाई म्हणाली. "तुम्ही दोन महिने करत होता तेव्हा मी काय डोळे मिटून बसले होते?"

"पिंपाला बुडाशी भोक आहे तेवढं," ठकूबाई धापा टाकत म्हणाली. "निम्मं पाणी वाया जातं."

म्हादबा उभाच राहिला. गिरजाबाईने त्याच्या हातातली मखमल काढून घेतली आणि पिंपात टाकली.

"बसा आता पेडलवर. ठकूबाई दमल्यात. का मंडळाला विचारून येता?"

म्हादबा बसला.

महिन्याभराने नानासाहेब धनेश घाटावरून उडत चालले होते. आवाज ऐकून खाली उतरले. पिंपाभोवती त्यांनी दोनदा फेरी मारली, चोच लावून पाहिली.

"म्हादबाराव, ही काय वस्तू आहे? जुनी दिसते."

"छे, छे," म्हादबा पेडल मारत म्हणाला. "गेल्या महिन्यातली आहे."

"मूळचे भाग किती?"

"एकसुद्धा नाही, नानासाहेब. सगळं भंगार."

नानासाहेबांनी दुःखाने मान हलवली आणि ते उडून गेले. गिरजाबाईने तोंडाला पदर लावला. म्हादबा मात्र गंभीर होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने तो शब्द इतक्या समाधानाने उच्चारला होता.

अस्सल यंत्र अजून अंगणात आहे. पाहुणे येतात, हळू आवाजात बोलतात आणि जातात. पाटी तेवढी दिसत नाही. पिंपाच्या भोकावर ती फार नेमकी बसली. अक्षरे आतल्या बाजूला आहेत, त्यामुळे नाव धुऊन अगदी स्वच्छ राहते.

तात्पर्य: चांगल्या वस्तूचे कौतुक तिच्या हयातीत करू नये, कौतुकाने ती बंद पडते. आणि बायको निमूटपणे कपडे धुवायला निघून गेली, तर घरामागचे पोते जागेवर आहे का, ते पाहून यावे.