कपाटाचे चोवीस नंबर

मलेशियातल्या इपोहच्या कोक वेंगच्या नातीचं लग्न होतं आणि तिला द्यायची हिरवी जेडची बांगडी नेमकी बायकोच्या कपाटात अडकली होती. बायको मुई फा उदबत्ती लावायला देवळात गेलेली, फोन घरीच. चिनी रीतीप्रमाणे दहाच्या आत नवरानवरीने वडीलधाऱ्यांना चहा द्यायचा आणि आजोबांनी बांगडी चढवायची. मुहूर्त टळला तर जन्मभर बोलणी खायची.

कपाटाला आकडे दाबायचं कुलूप. त्यातली एक, चार, सात आणि आठ ही बटणं तेवढी दाबून दाबून घासलेली.

"आकडे कळले रे, क्रम कुठला?" वेंग रडकुंडीला आला.

"चोवीस होतात!" शेजारचा याप खिडकीतून ओरडला. "लॉटरीला नंबर उलटसुलट लावतो ना आपण? तसेच दाब एकेक."

"अठराच दाबीन. चाराने सुरू होणारे सहा नाही."

"का रे बाबा?"

"मरणाचा आकडा तो! आपल्या चिनीत चार म्हटलं की 'मरण'च ऐकू येतं. नातीच्या लग्नात पहिलं बोट त्याच्यावर? जीभ झडो तुझी!"

अठराही दाबून झाले. कुलूप ढिम्म. बाहेर नवऱ्यामुलाच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. नात लाल पोशाखात दाराशी आली.

"आजोबा, राहू द्या ती बांगडी. तुम्ही नुसते समोर बसा ना."

हे ऐकून तर म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात मुई फा घरात शिरली. वेंगला खांद्याने बाजूला सारून तिने पहिलं बोट ठेवलं ते थेट चारावर. पुढचे आकडे हाताआड. खट्!

"अगं, कपाटाच्या दारात मरण बसवलंस?"

बांगडीमागे अननसाच्या बिस्किटांचा डबा होता. नववर्षाला साखर वाढून वेंग चक्कर येऊन पडला, तेव्हापासून घरातलं गोडधोड गायब झालं होतं.

"मग काय करू? डॉक्टरांचं ऐकत नाहीस, माझं ऐकत नाहीस. चाराला तेवढा घाबरतोस." तिने बांगडी काढून त्याच्या हातात ठेवली. "मला एकटीला टाकून जायचं नाही, कळलं?"

बांगडी नातीच्या हातात गेली, चहा झाला, मुहूर्त साधला. मग मुई फाने एक बिस्कीट मोडून अर्धं त्याला भरवलं.

"आज एवढंच हं."

वेंग डोळे मिटून चघळत राहिला. मग हळूच खिडकीशी सरकला.

"याप, चाराने सुरू होणारे सहाच ना रे?"

मुई फाने मुकाट्याने डबा उचलून यापच्या हातात ठेवला.

"घरी ने. आणि बायकोला सांग, कुलूप लाव म्हणावं."