पुढली गोष्ट मागं हाय

उभ्या प्रवाशांना मागं सरकवायला जगातल्या प्रत्येक कंडक्टरला ओरडावं लागतं. आमच्या मंठा–जालना गाडीच्या खरात मास्तरांना लागत नाही. ते टीव्हीवरची मालिका सांगतात.

सांगतात म्हणजे तिकिटाबरोबर फाडून देतात. पहिल्या सीटला कालच्या भागाची सुरुवात, चौथ्या सीटला थोडं पुढचं. ऐन रंगात आलं की हाळी: "मधी थांबू नका, मागं सरका! पुढली गोष्ट मागं हाय!" अख्खी गर्दी मुकाट मागं.

मला याचा संताप येतो. स्पष्टच सांगते. याच गाडीत मी पत्रकं वाटते. 'जात बघून माणसाचं मन मारणाऱ्यांनो, लाज बाळगा!' हे शीर्षक माझंच. लोक पत्रक घेतात, त्यात शेंगांची टरफलं ठेवतात आणि कान मास्तरांकडे लावतात. कशासाठी? तर एका काचेच्या ऑफिसातला पोरगा शेजारच्या टेबलावरच्या पोरीला 'आवडतेस' म्हणतो की नाही, यासाठी! त्या ऑफिसात कुणी काम करत नाही, कुणाचा पगार थकत नाही, कुणाला जात म्हणून नाही.

"मास्तर, बोल्ला का न्हाई त्यो?" मांडीवर कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसलेल्या गयाबाई रोज विचारतात.

"बोलणारच होता, मावशी. बिलकुल तोंड उघडल्तं. तेवढ्यात तिनं माइक चालू केला."

"जळो तिचा माइक!"

शेवटी त्या मालिकेविरुद्धच पत्रक काढायचं ठरवलं. झोडपायचं तर आधी बघायला हवं, म्हणून आत्याकडे जाऊन बघितली आणि उडालेच. त्या दोघांचं लग्न कधीच लागलं होतं. आता ती दोघं पडद्यांच्या रंगावरून भांडत होती. आणि माइक? त्या अख्ख्या ऑफिसात माइक नव्हता.

माइक आमच्या मंठ्याच्या स्टँडवर आहे. काचेमागे बसून जाधवबाई त्यातून गाड्या पुकारतात. मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. गाडी गच्च भरलेली, ड्रायव्हर शेख मामा स्टिअरिंगवर बोटं आपटून राह्यलेत, तरी मास्तर घंटीची दोरी धरून उभे. "जालन्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे." आत बसलेल्यांना ही माहिती काय कामाची? पण त्यातला 'आहे' कानावर पडल्याशिवाय मास्तर डबल बेल देत नाहीत.

मास्तर पन्नाशीचे. आई होती तोवर आईचं केलं, लग्न राहून गेलं. आता एक खोली आणि टीव्ही. बाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मास्तरांकडे बुद्धवंदना, बाईंकडे खंडोबाचा टाक. म्हणजे माझ्या पत्रकातला प्रश्न खाकी घालून माझ्याच समोर उभा!

मला आडवळण जमत नाही. स्टँडवरच गाठलं.

"मास्तर, त्या दोघांचं लग्न झालंय. तुम्ही जनतेची दिशाभूल करून राह्यलात."

"हळू बोला, ताई." ते तिकिटाचं मशीन उगीच पुसत म्हणाले, "टीव्हीला जल्दी असते. आपल्या रोडला टाइम लागतो."

"मग विचारा ना बाईंना!"

"'गाडी लावू का बाई?' 'लावा मास्तर.' एवढंच बोलणं हाय आमचं. इचारलं आन् तेबी बंद झालं तर?"

संघर्षाशिवाय काही मिळत नाही, असं मी सुनावलं. "बराबर," म्हणाले आणि माझं अर्धं तिकीट काढून मोकळे झाले.

गेल्या सोमवारी स्पीकरवर पुरुषाचा घोगरा आवाज आला. जाधवबाईंची जाफराबादला बदली झाली होती. घोगरा आवाज थांबला तरी दोरी हलेना.

"मास्तर, डबल द्या की!" शेख मामा ओरडले.

गाडी निघाली. मास्तर मुक्यानं तिकिटं देत होते. माणसं दारातच तुंबली; मागं जायला काही कारणच नव्हतं.

"मंग? काल काय झालं?" गयाबाईंना राहवेना.

"ती गेली बदलून. दुसऱ्या गावाला."

"आन् त्यो?"

"त्यो काय. बोल्लाच न्हाई."

गाडीभर चुकचुक झाली. खरी गोष्ट, ते लग्न, ते पडदे, सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पण गयाबाई आधी कडाडल्या. "मुडद्याला पाय न्हाईत का? त्या गावाला येष्टी जात न्हाई का?"

सगळी गाडी हसली. मास्तर हसले नाहीत. मागच्या सीटपर्यंत गेले, परत आले, माझ्यापाशी थांबले.

"ताई, ते तुमचं पत्रक द्या बरं एक."

"वाचणार?"

"पाठ हाय मला. गाडीत पडलेली रोज कोण उचलतं?" मग अगदी हळू, "उद्याची रजा टाकली. जाफराबादला जाऊन राह्यलो. काचंसमोर उभं राह्यल्यावर तोंडातून काय निघंल, भरवसा न्हाई. हे खालच्या फटीतून सरकवलं तर चालंल ना?"

मी अख्खा गठ्ठा पुढे केला. त्यांनी त्यातलं एकच, कोपरे न दुमडलेलं निवडलं, आणि पुन्हा माझ्याच हातात ठेवलं.

"घडी तुम्हीच घालून द्या, ताई. फक्त ते 'लाज बाळगा' तेवढं आतल्या बाजूला राहू द्या."

मी घातली.